हमीदा बीबींचं मत

मी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या सक्सेना सरांना त्यातलं अर्धंच माहीत आहे. बनारसच्या विणकरांचं नॅनोतंत्रज्ञानाबद्दल जे मत दिल्लीच्या एका जाड, गुळगुळीत अहवालात छापलेलं आहे, ते मी लिहिलेलं आहे. मी विणकर नाही. खरं तर ते माझंही मत नाही. ते कुणाचंच नाही. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसून एका रविवारी सकाळी चार वेगवेगळ्या पेनांनी मी ते लिहून काढलं.

बनारसमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या वार्षिक अंकाचं काम बघणाऱ्या वैद्यबाई मला दरवर्षी टोकतात. "पाटणकर, एवढी वर्षं सरकारी प्रकल्पांत काढलीत आणि तोंडातून शब्द नाही तुमच्या. गमतीजमती असतील की! हलकंफुलकं लिहा काहीतरी." गमती आहेत, त्या सांगतो. त्यांच्या मागून जे येईल ते हलकं नाही. बाईंना नको वाटलं तर त्यांनी ते कापावं, मी हरकत घेणार नाही.

आधी माझं काम. मी शास्त्रज्ञ नाही. हिंदीत एम.ए. केलं, इंग्रजी बरी होती, मराठी घरची. विज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या एका सरकारी अनुदानावरच्या केंद्रात कंत्राटी 'प्रकल्प सहायक' म्हणून लागलो, आणि दर वर्षी मुदत वाढत वाढत पन्नाशी ओलांडली. अहवाल लिहायचा, पत्रकं काढायची, मेळावे भरवायचे आणि ते भरले हे सिद्ध करायचं. या शेवटच्या गोष्टीलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. मेळावा दोन तासांचा, पण त्याचा पुरावा दोन महिने चालतो. सह्यांचे कागद, फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण, आणि 'अभिप्राय फॉर्म'. फॉर्म नसतील तर मेळावा झालाच नाही असं धरतात. फॉर्म असतील तर मात्र तो झाला का, हे विचारायला कुणी येत नाही.

माझी उमेदीची वर्षं नॅनोची होती. सगळं नॅनो. शेतीत नॅनो, पाण्यात नॅनो, औषधात नॅनो. नॅनो म्हणजे काय हे मी शेकडो वेळा समजावलं असेल. माझी एक ठरलेली उपमा होती: माणसाचा केस म्हणजे आपली एखादी गल्ली धरा, तर नॅनो म्हणजे त्या गल्लीच्या भिंतीवरून पडलेला चुन्याचा एक कण. लोक 'अरे वा' म्हणायचे. तो हिशोब बरोबर आहे का, हे मी आजतागायत तपासलेलं नाही. एवढ्या बारीक गोष्टीबद्दल एवढे जाड अहवाल का लागतात, हे मात्र मला कधीच उमगलं नाही.

पैसे यायचे फेब्रुवारीत आणि मार्चअखेर संपवायचे असायचे. म्हणून बनारसमध्ये विज्ञानजागृती फक्त मार्चमध्ये होते. त्या महिन्यात फ्लेक्स छापणाऱ्याकडे आमचाच वशिला चालायचा. ज्यूटच्या पिशव्या, पिशवीत फाइल, फाइलमध्ये कोरी वही, वहीत पेन. एकदा कठपुतळीचा खेळ मंजूर झाला. पुतळीवाले मिर्झापूरकडचे एक म्हातारे होते. मी त्यांना अणू, रेणू, नॅनोकण असं सगळं तासभर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबू, एम्मे राजा के बा? आ दुसमन के बा?" यात राजा कोण आणि शत्रू कोण! मग त्यांनी आपलं आपणच ठरवलं आणि मूळच्या खेळातल्या राक्षसाला 'कीटाणू' आणि राजकुमाराला 'नॅनो कुमार' केलं. मुलं खूप हसली. अहवालात मी लिहिलं, 'क्लिष्ट संकल्पनांचे यशस्वी लोकरूपांतर.'

अहवालाच्या पाचशे प्रती छापायचो. पन्नास वाटल्या जायच्या, बाकीच्या कोठीत. एकदा छत गळायला लागलं तेव्हा सरांनी शिपायाला त्या रद्दीत द्यायला सांगितलं. रद्दीवाला कुरकुरत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आला. कोपऱ्यावरच्या कचौडीवाल्यानं नाकारल्या होत्या. चिकण्या कागदात तेल मुरत नाही, कचौडी ओघळते. "गुरु, तोहार विज्ञान में त कचौड़ी भी ना बन्हाई," तुझ्या विज्ञानात कचौडीसुद्धा बांधता येत नाही, असं तो पुढे महिनाभर मला येता-जाता ऐकवत होता. मीही हसायचो. घरी येऊन सांगितलं तर सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "निदान छापण्याआधी त्याला विचारायचं होतं."

आता तो मेळावा.

दिल्लीहून पत्र आलं की बनारसी रेशमावर नॅनोचा थर देण्याबद्दल विणकर समाजाचं मत घ्या. थर दिला की साडीवर डाग पडत नाही, चमक राहते, असा तो प्रकार. खरं तर हा प्रश्न विणकरांचा कमी आणि पॉलिशवाल्यांचा जास्त. साडी मागावरून उतरली की थेट दुकानात जात नाही. मागच्या बाजूचे सुटे धागे कापावे लागतात, ते काम घरोघरी बायका करतात. मग ती पॉलिशला जाते: ताणून धरायची, त्यावर फवारा मारायचा, दाबून सपाट करायची. फवारा मारणारा माणूस आणि साडी यांच्यात हातभर अंतर असतं, आणि खोली बहुधा बंद असते, कारण धूळ आली तर साडी गेली.

दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांना शनिवार-रविवार दर्शन आणि नौका हवी होती. म्हणून सक्सेना सरांनी मेळावा शुक्रवारी ठेवला, दुपारी एक वाजता, कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात. पत्रिका माझ्या हातून गेली. शुक्रवारी एक वाजता बनारसचा विणकर कुठे असतो हे या शहरात जन्मलेल्या कुणालाही विचारा. मशिदीत, जुम्म्याच्या नमाजाला. मला ते दिसलं होतं. मी बोललो नाही. का नाही बोललो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मुदतवाढीची फाइल सरांच्या टेबलावर होती, हे एक कारण. पण तेवढंच नसावं. मला वाटतं, कुणी आलं काय नि न आलं काय, अहवाल तसाच होणार हे मला तोवर इतकं सवयीचं झालं होतं की चूक ही चूक वाटलीच नाही.

तर एक वाजता हॉलमध्ये होते कॉलेजची मुलं, दोन निवृत्त प्राध्यापक आणि आम्ही. भाषणं झाली, जेवण झालं, पाहुणे नौकेसाठी निघाले. मी बॅनर उतरवत होतो तेव्हा पांढरीशुभ्र टोपी घातलेला, चाळिशीचा एक माणूस आत आला. घाईनं आल्यामुळे दम लागला होता.

"खतम हो गया?"

"हाँ, थोड़ी देर हो गई आपको."

"देर हमको नहीं हुई, पंडितजी. जुमे के दिन एक बजे आप लोगों ने रखा है." रागावून नाही, हसून म्हणाला. मग खुर्ची ओढून बसलाच.

हे इश्तियाकभाई. अलईपुऱ्यात त्यांचं पॉलिशचं छोटं काम. एक विक्रेता त्यांना नॅनोचं द्रावण देऊन गेला होता, पिवळ्या डब्यात. काही महिने ते आणि त्यांच्या पत्नी शमीमा तेच फवारत होते.

"एक ही बात पूछनी थी. यह नॅनो जो है, इतना महीन है तो साँस में जाता है क्या? जाता है तो निकलता है कि नहीं?"

इतकी वर्षं मी लोकांसमोर नॅनोबद्दल बोललो, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मुलं विचारायची, भविष्य काय? पत्रकार विचारायचे, भारत कितव्या स्थानावर? मी म्हणालो, "लिखकर दे दीजिए, साइंटिस्ट लोगों से जवाब मँगवा देंगे." त्यांनी अभिप्राय फॉर्मवर नीट अक्षरात लिहून दिलं, खाली पत्ता घातला, आणि दारातून वळून म्हणाले, "जवाब जरूर दीजिएगा. घर की बात है."

त्या मेळाव्याचा तेवढा एकच खरा फॉर्म माझ्याकडे आला.

शनिवारी सरांचा फोन. "पाटनकरजी, सोमवार तक साठ फॉर्म चाहिए. बुनकरों के. आप देख लीजिए." देख लीजिए! आमच्या कार्यालयात या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळायचा. पूर्वीही मी चार-दोन फॉर्म 'बघून घेतले' होते. साठ कधी नव्हते.

रविवारी सकाळी घाटावर गेलो. घरी बसलो असतो तर सुनंदानं विचारलं असतं. तरी निघताना तिनं पिशवी पाहिलीच. "एवढी पेनं कशाला?" "पेपर तपासायचेत एका मित्राचे." "मित्राचे पेपर, आणि चार रंगांत?" मी चपला घातल्या.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दहा फॉर्मनंतर मला ते आवडायला लागलं. एक फॉर्म थरथरत्या अक्षरात, एक डाव्या हातानं, एकात मुद्दाम चुका. इतकी वर्षं अहवालाच्या भाषेत लिहिणारा माणूस मी. पहिल्यांदाच माणसांच्या भाषेत लिहीत होतो. त्यातली एक मला जास्त जमली. हमीदा बीबी, वय पंचेचाळीस, काम धागे कापण्याचं. तिच्या तोंडी मी लिहिलं, 'हमारी अम्मी ने ज़री का बदलना देखा, हमने मशीन देखी, बेटी नॅनो देखेगी. हमें नई चीज़ से डर नहीं.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. छान होतं. वर एका हवेलीच्या सावलीत एक बैल बसला होता आणि मला खरंच समाधान वाटत होतं.

इश्तियाकभाईंचा फॉर्म बसेना. सारांशात मी लिहिलं, 'एका सहभागीने श्वसनाच्या सुरक्षिततेविषयी शंका व्यक्त केली.' सरांनी 'शंका' खोडून 'जिज्ञासा' केलं. मग पेन थांबवून म्हणाले, "जिज्ञासा भी निगेटिव जाता है." शेवटी वाक्य असं झालं: 'सर्व सहभागींनी उत्साह दाखवला.' मी टाइप केलं.

उत्तर मागवलंच नाही असं नाही. रसायनाच्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते सज्जन होते. म्हणाले, "कुठला पदार्थ? कणाचा आकार काय? डब्यावर काय लिहिलंय?" डब्यावर फक्त 'नॅनो' आणि एक चमकता तारा होता. "मग त्यात नॅनो काही नसेलही, नुसतं नाव असेल. किंवा असेल. तपासल्याशिवाय कसं सांगू?" तपासायला प्रकल्प हवा. प्रकल्पासाठी प्रस्ताव हवा. तो सरांनी केला आणि तो मंजूरही झाला, पण त्याचं नाव झालं 'नॅनो-सुरक्षा संवाद अभियान'. त्यात पिशव्या होत्या, फाइल होती, एक फिरती गाडी होती. डबा तपासायचा होता हे त्यात कुठे राहिलं, मला अजून कळत नाही. मी ते सगळे कागद पुन्हा चाळले आहेत. कुठल्याच एका पानावर कुणी काही चुकीचं केलेलं सापडत नाही.

दोनेक वर्षांनी दिल्लीचा मोठा अहवाल आला. त्यात एक चौकट होती, आणि चौकटीत हमीदा बीबी. माझं वाक्य इंग्रजीत, सोबत कुठल्या तरी भलत्याच राज्यातल्या बाईचा फोटो. खाली लिहिलं होतं की बनारसच्या विणकर समाजात नॅनोची स्वीकृती चांगली आहे. पुढच्या महिन्यात मला सरांनी नवं धोरण लिहायला दिलं, आणि म्हणाले, आधार म्हणून दिल्लीचा अहवाल घ्या. मी घेतला. माझ्याच खोट्याला मी तळटीप दिली. आणि विचित्र म्हणजे ती तळटीप देताना मला क्षणभर वाटलं, दिल्लीवाल्यांनी छापलंय तर काही तरी तपासलं असेल. असेल एखादी हमीदा.

मग दिल्लीहून फिल्म करायला तिघं आले. कॅमेरा, आवाज, आणि एक मॅडम, तरुण, हुशार, कष्टाळू. "सर, हमीदाजी से मिलवा दीजिए. उनकी लाइन पर पूरी फिल्म खड़ी है."

मी म्हणालो, त्या बाहेरगावी आहेत. मॅडम म्हणाल्या, आम्ही थांबतो. सरांनी मला बाजूला घेतलं. "देख लीजिए."

धागे कापणारी किंवा पॉलिश करणारी एकही बाई मला माहीत नव्हती. इतकी वर्षं त्यांच्याबद्दल लिहून! एक पत्ता तेवढा होता. इश्तियाकभाईंच्या दारात उभा राहिलो तेव्हा ते आनंदानं उठले. "आइए, पंडितजी! जवाब लेकर आए हैं?"

"जवाब... आ रहा है. अभी एक छोटा काम है."

चहा आला. मी सांगितलं की सरकारी फिल्म आहे, बाईंच्या तोंडून चार ओळी हव्यात, नाव दुसरं असेल. इश्तियाकभाईंनी विचारलं, "दूसरा नाम काहे?" मी म्हणालो, कागदावर तेच आहे. एवढं त्यांना पटलं. कागदावर काय असतं आणि घरात काय असतं, यातला फरक कुठल्याही बनारसी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. पडद्याआडून शमीमाबाई म्हणाल्या, "बोल देंगे. मगर चाय पीने का टाइम देना, गला बैठा है हमारा."

त्यांच्याच खोलीत चित्रीकरण झालं. कोपऱ्यात पिवळे डबे रचलेले होते, ते चांगले दिसतात म्हणून कॅमेऱ्यात ठेवले. शमीमाबाईंनी ओळ सुरू केली. "हमारी अम्मी ने ज़री का..." आणि खोकला. पुन्हा. "हमें नई चीज़ से..." खोकला. आवाजवाला मुलगा कानावरचे हेडफोन काढून म्हणाला, "मैडम, खाँसी आ रही है बीच में." पाणी दिलं, मध दिला. कितव्यांदा तरी ओळ एका दमात निघाली, "हमें नई चीज़ से डर नहीं," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

खोकला डब्यामुळे होता का? मला माहीत नाही. बनारसमध्ये खोकायला कारणांची कमी नाही. धूळ आहे, धूर आहे, थंडी होती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरं आहे की मी पाठ केलंय, कळेनासं झालंय.

निघताना इश्तियाकभाईंनी माझा हात धरला. "पंडितजी, शुक्रिया. जवाब मिल गया."

"कौन सा जवाब?"

"अरे, सरकार ने खुद हमारे घर आकर, इसी के मुँह से कहलवाया कि डर की बात नहीं. कुछ गड़बड़ होता तो सरकार कहलवाती? हम तो इसको मुँह पर कपड़ा बँधवाते थे, खिड़की खोलवाते थे, रोज़ का झगड़ा. अब चैन से काम करेगी."

गल्लीत कॅमेऱ्याचं सामान रिक्षावर चढत होतं. मॅडम हाका मारत होत्या. मला म्हणता आलं असतं, नाही, ती ओळ माझी आहे. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "कपड़ा तो फिर भी बाँधिए." ते हसले. "आप भी न!"

फिल्मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते सरांच्या खोलीत लागलं. सर आता निवृत्त आहेत, भेटले की प्रेमानं चौकशी करतात. नॅनोचे दिवस गेले. आता आम्हाला दुसरा शब्द आलाय, पिशव्या त्याच. मला अजूनही ठरवता येत नाही की या सगळ्यात पैसा वाया गेला तो कुठे. पिशव्यांत? चिकण्या कागदात? ऑडिटवाले दर वर्षी येतात आणि सगळं जुळतं. हॉल घेतला होता, जेवण झालं होतं, साठ फॉर्म आहेत. एका माणसाला एक गोष्ट विचारायची होती आणि ती सोडून बाकी सगळ्यावर खर्च झाला, हे नोंदवायला त्यांच्याकडे रकाना नाही. माझ्याकडेही नव्हता.

हे वाचून सुनंदा काय म्हणेल, याची मला भीती वाटत होती. काल तिला इथवरची पानं वाचायला दिली. वाचून तिनं पानं जुळवून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "हे मराठीत का लिहिलंत?" मी म्हणालो, आपला अंक मराठी आहे. "ते नाही विचारत मी. इश्तियाकभाईंना मराठी येतं का?"

नाही येत. हा लेख आपल्या चार घरांत वाचला जाईल, कुणी पाठ थोपटेल, कुणी भेटणं टाळेल, आणि अलईपुऱ्यात फवारा चालूच राहील. बालाजी घाटावरून तिथे चालत जायला फार वेळ लागत नाही. त्या फिल्मनंतर मी त्या गल्लीत गेलेलो नाही.

इश्तियाकभाई आणि शमीमाबाई यांच्यासमोर बसून, हिंदीत, तीन गोष्टी सांगणं माझ्याकडे बाकी आहे: तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुणालाही माहीत नाही, ते कुणी शोधलंही नाही, आणि तुमच्या घरात म्हटलेली ती ओळ सरकारची नव्हती, माझी होती.